सात हजार दोनशेला काढलेली तार

त्यांना काही विचारायचं असेल तर शंभर होण्याची वाट पाहावी लागे.

हिंगोलीत बाजाराच्या रस्त्यावर मिस्त्रींचं मोटर रिवायंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या मोटारी, पंखे, मिक्सर, स्टॅबिलायझर असं, ज्यात तांब्याची तार गुंडाळलेली असते आणि कधीतरी जळते, ते सगळं तिथे येई. जळलेली तार काढून नवी भरायची, हे काम. भरताना वेढे मोजावे लागतात. त्यांच्या हातमशीनला आकडे दाखवणारा काउंटर होता, पण ते तोंडाने मोजत. मोठ्याने, आणि उर्दूत. इकसठ, बासठ, तिरसठ. औंढ्याकडच्या एका बंजारा तांड्यावर जन्मलेला हा माणूस घरी गोरबोली बोले, गिऱ्हाइकाशी मराठी आणि तारेशी उर्दू. पूर्णेच्या ज्या उस्तादाकडे ते शिकले त्याने गिनती उर्दूत शिकवली होती. काउंटर आणि तोंड यांत फरक पडला तर ते काउंटर चुकला असं मानत.

मोजताना ते बोलत नसत. कुणी काही विचारलं तरी हात थांबत नसे, मान वर होत नसे. शंभर झाले की उत्तर मिळे आणि लगेच पुढचं शतक सुरू होई. नवखी गिऱ्हाइकं चिडत. जुनी गिऱ्हाइकं प्रश्न विचारून समोरच्या टपरीवर चहा प्यायला जात आणि उत्तराला परत येत. एकाच शतकात दोघांनी प्रश्न विचारले तर घोटाळा होई. एकदा एकाने विचारलं, ‘मोटरीला काय झालंय?’ दुसऱ्याने विचारलं, ‘तुमच्या जावयाचं नोकरीचं जमलं का?’ शंभरला उत्तर आलं: ‘न्हाई जमलं. बेअरिंग ढिलं हाय.’ कुणी काय घ्यायचं ते त्यांनी आपापसात ठरवलं.

आणखी एकदा शेजारच्या दुकानदाराने येऊन सांगितलं की तुमच्या सायकलवरून बैलगाडी गेली. ते तेव्हा अठ्ठ्याऐंशीवर होते. शंभर पूर्ण करून त्यांनी विचारलं, ‘पुढच्या चाकावरून का मागच्या?’

दुकानात दाराशी, सुतळीला बांधून, एक लांब वही टांगलेली असे. भरलेल्या प्रत्येक कॉइलची तिच्यात एक ओळ. वेढे किती, तार कोणत्या नंबरची, वजन किती. या धंद्यात असली वही कुलपात ठेवतात. एखाद्या जुन्या मोटरीचे वेढे कुणाला माहीत असणं हीच त्या कारागिराची किंमत असते. यांची वही उघडी टांगलेली. दुसरे मिस्त्री येऊन आकडे उतरवून नेत. त्यांच्यासाठी वहीशेजारी पेन्सिलही बांधलेली होती. ‘मोजलेलं लपवायचं काहून?’ असं ते म्हणत.

त्या वहीत शेवटचा एक रकाना होता जो दुसऱ्या कुणाच्याच वहीत मी पाहिला नाही. त्याचं नाव ‘काहून’. कॉइल का गेली, याचं कारण. ‘पाण्यात बुडाली.’ ‘दोनच फेज आले.’ ‘उंदीर.’ ‘मालकाचा भाऊ.’ हे शेवटचं कारण कुणी समजावून सांगितलं नाही. कारण सापडेपर्यंत ते नवी तार भरत नसत. जळलेली मोटर पाटावर घेऊन ते तिला खरोखर विचारत, ‘काहून गं बाई?’ गिऱ्हाईक म्हणे, ‘मिस्त्री, कारण राहू द्या, पीक वाळून राहिलं.’ ते म्हणत, ‘कारण न्हाई कळलं तर आठ दिवसांनी परत येतान तुमी.’ रकाना रिकामा असलेली एकही ओळ वहीत नव्हती.

हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती. मी एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो आणि त्यांच्या दुकानापासून तिसऱ्या गाळ्यात माझं टेबल होतं. विजेचा दाब इतका कमी-जास्त होई की स्टॅबिलायझरशिवाय फॅक्स चालत नसे, आणि स्टॅबिलायझर तर महिन्याआड बिघडे. त्यामुळे त्याच्या आत काय असतं ते मला त्यांच्याकडून कळलं. एकच लांब कॉइल, पण वाटेत जागोजागी तार बाहेर काढलेली. या बाहेर काढलेल्या तारांना ते टॅपिंग म्हणत. दाब पडला की यंत्र एका टॅपिंगवरून दुसरीवर जातं, म्हणजे त्याच कॉइलचे कमी किंवा जास्त वेढे कामाला लावतं. ते उदाहरण एसटीचं देत. ‘सेनगावची गाडी हाय. तुमी नरसीला उतरले तर गाडी काही छोटी होत न्हाई. तुमचा प्रवास छोटा होतो.’

टॅपिंगची त्यांना सवयच होती. जिथे मागितली नाही तिथेही, जरा शंका आली की ते मध्ये एक तार काढून ठेवत आणि तिच्यावर कागद चिकटवत. ‘चुकलं तर परतायला वाट पायजे,’ म्हणत.

एका मार्चमध्ये सिद्धार्थ त्यांच्याकडे गिटार घेऊन आला.

सिद्धार्थ एसटी डेपोत टायरच्या कामाला होता. तिशीचा, अबोल. संध्याकाळी तो भीमगीतांच्या एका पार्टीत इलेक्ट्रिक गिटार वाजवी. ही गिटार त्याने हैदराबादच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून जुनी घेतली होती. पार्टी आसपासच्या गावांत जाई. जयंतीच्या पंधरवड्यात तिला रोज कार्यक्रम असे. पार्टीचे प्रमुख शाहीर होते, साठीला आलेले, आवाज अजून खणखणीत. गिटार मुकी झाली होती. वाजवली की ॲम्प्लिफायरमधून फक्त गुणगुण येई.

‘मिस्त्री, यात बी कॉइल असती म्हणतेत,’ सिद्धार्थ म्हणाला.

मिस्त्रींनी याआधी इलेक्ट्रिक गिटार हातात घेतली नव्हती. त्यांनी मशीन थांबवलं. शंभर झालेले होते.

तारांखाली बोटाएवढी काळी पट्टी होती. तिला पिकअप म्हणतात असं सिद्धार्थने सांगितलं. पट्टी उघडल्यावर आत सहा लहान लोहचुंबकं उभी होती आणि त्यांच्याभोवती केसासारखी तार गुंडाळलेली. दुकानात बसलेल्या कुणीतरी सुचवलं की सिरीजचा दिवा लावून बघा. मोटरीची कॉइल तुटली आहे का हे तसंच बघतात. मिस्त्री म्हणाले, ‘पापडासारखी भाजंल ती.’ त्यांनी मीटर लावला. काटा हलला नाही. तार आत कुठेतरी तुटलेली होती.

पुढचे दोन दिवस त्यांनी गिटार दुरुस्त केली नाही. ती काय आहे ते पाहिलं. सिद्धार्थकडून शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या एका गिटारचा चालू पिकअप तासाभरासाठी मागवला, जुन्या रेडिओच्या ॲम्पला जोडला आणि त्याच्यावर दुकानातली एकेक वस्तू धरून वाजवली. हॅक्सॉचं पातं धरून छेडलं. रेडिओतून ‘ट्वांग’ असा आवाज आला. सायकलचा आरा वाजला. पाना किंचित वाजला. पितळेची पट्टी वाजली नाही, नायलॉनची दोरी वाजली नाही. पिकअपवर तोंड धरून ते ‘हॅलो’ म्हणाले. काही आलं नाही. समोर पंधरावीस माणसं जमली होती. एक जण म्हणाला, ‘मिस्त्री, बायकोची बांगडी लावून पाहा.’ दुसरा म्हणाला, ‘सोन्याची वाजत नसंल, खिळ्याची कर म्हणावं.’

संध्याकाळी त्यांनी निष्कर्ष सांगितला, मला आणि टपरीवाल्याला. ‘मोटर न्हाई ही. डायनमो हाय, सायकलीचा असतो तसा. तिकडं चुंबक फिरतं, इकडं लोखंडाची तार हलती. तार हलली की कॉइलमधी वीज येती. जशी हलली तशीच येती. हे आवाज ऐकतच न्हाई, पेपरवाले. हे फक्त लोखंडाची हालचाल पाहतंय.’

हे सगळं बरोबर होतं. पण जयंती जवळ येत होती, आणि सिद्धार्थ रोज ड्यूटी संपली की दुकानाच्या पायरीवर येऊन उभा राही.

जुने वेढे मोजल्याशिवाय नवे घालायचे नाहीत, हा त्यांचा दुसरा नियम. मोटरीची जाड तार उलगडून मोजता येते. इथली तार फुंकरीने तुटत होती. तरीही त्यांनी भिंग लावून ती उलगडली. पासष्टच्या वर तुकडे झाले. तळाचा थर एकमेकांना चिकटून गोळा झालेला होता, त्याचा अंदाज धरावा लागला. मोजणी आली सात हजार दोनशे. या मोजणीवर त्यांचा भरवसा बसेना. म्हणून धंद्यातली दुसरी पद्धत वापरली. निघालेली सगळी तार वजन करायची आणि तेवढ्याच वजनाची नवी भरायची. दुकानातल्या काट्यावर ती हललीही नाही. ते ओळखीच्या सोनाराकडे गेले. सोनाराने कागदाची पुडी उघडून विचारलं, ‘हे काय आणलंत?’

‘गाण्यातलं तांबं,’ मिस्त्री म्हणाले.

वजन अडीच तोळ्यांना जरा कमी भरलं. त्यावरून वेढ्यांचा हिशेब केला तर आठ हजार सहाशे येत होते. लांबी काढली तर सुमारे एक किलोमीटर तार. ‘बोटाएवढ्या डबीत कोसाचा तिसरा हिस्सा,’ असं ते दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते.

आता दोन आकडे झाले. मोजणीचा सात हजार दोनशे, वजनाचा आठ हजार सहाशे. त्यांनी नेहमीप्रमाणे दोन्ही ठेवायचे ठरवले. सात हजार दोनशेला एक तार बाहेर काढायची आणि पुढे आठ हजार सहाशेपर्यंत जायचं.

इतकी बारीक तार हिंगोलीत मिळत नव्हती. ती हैदराबादहून मागवली, छोट्या लाईनच्या गाडीने पूर्णेमार्गे आली, आणि त्यात आठवडा गेला. मग त्यांनी काउंटर काढून ठेवला, मशीनचा हात स्वतःच्या बोटांनी फिरवायला सुरुवात केली, एका वेढ्याला एक आकडा. तार दुसऱ्या हाताच्या चिमटीतून सुटत होती. चिमटीचा दाब जरा वाढला तर ती तुटते, जरा कमी झाला तर सैल बसते.

जयंतीला चार दिवस होते तेव्हा सिद्धार्थ डेपोतून तसाच, काळ्या हातांनी आला. मी दुकानात होतो. मिस्त्री आठ हजारांच्या पुढे गेले होते. सात हजार दोनशेची तार बाहेर निघून तिच्यावर कागद चिकटला होता.

‘मिस्त्री,’ सिद्धार्थ म्हणाला, ‘शाहिरांनी नांदेडचा कॅसिओवाला ठरवून टाकला. हट्टा गावच्या जयंतीला तो येऊन राहिला. म्हणाले, गिटार वाजली तर वाजव, न्हाई तर तू खाली बसून ऐक. एकदा तो बसला की मला परत कोण उठवून घेतंय? बारा वर्षं झाली मला पार्टीत. डेपोत मी टायरवाला हाय, गावात बी टायरवालाच हाय. ती गिटार हातात असली की तेवढाच मी दुसरा कोणी असतो. हे वाजणार का न्हाई तेवढं सांगा. न्हाई म्हणले तरी चालंल.’

मिस्त्री सत्तावनवर होते.

‘वाजंल,’ ते म्हणाले. ‘जयंतीला वाजंल.’

तार तुटली. अगदी बारीक आवाज झाला, नखावर नख घासावं तसा. सिद्धार्थला तो ऐकू आला नसावा. मिस्त्रींनी दोन्ही टोकं ब्लेडने खरवडली, पीळ दिला, कथिलाचा टिपका ठेवला, वर कागद लावला आणि म्हणाले, ‘अठ्ठावन.’

दुसऱ्या दिवशी गिटार जुळवली. आवाज आला, आणि सिद्धार्थचा चेहरा पडला. आवाज मोठा होता, पण जाड आणि मंद. वरच्या तारांची धार गेली होती. ‘रांजणात तोंड घालून बोलल्यासारखं येऊन राहिलं,’ तो म्हणाला.

मिस्त्रींनी वाद घातला नाही. त्यांनी जुन्या तारेची पुडी काढली, एक तुकडा बोटांत चोळला, वास घेतला, आणि टपरीवरून उकळतं पाणी मागवलं. पाण्यात तार टाकली. थोड्या वेळाने वर तवंग आला आणि थंड झाल्यावर पांढरा झाला. मेण होतं. गिटारच्या कॉइलला आतपर्यंत मेण पाजलेलं असतं, म्हणजे तिचे वेढे थरथरत नाहीत. मोटरीला व्हार्निश पाजतात. त्याचा वास, रंग कारागिराला कळतो. हे मेण त्यांनी तांब्याच्या भावात तोललं होतं. शिवाय वजनावरून वेढे काढताना त्यांनी जी तार धरली होती ती जुनीपेक्षा किंचित बारीक होती, म्हणून तेवढ्याच वजनात वेढे जास्त आले. दोन्ही चुका एकाच बाजूला पडल्या होत्या. मोजणीचा आकडा खरा होता.

‘तोंड बरोबर होतं, काटा चुकला,’ असं ते म्हणाले, आणि सात हजार दोनशेची तार जोडली.

आवाज बदलला. थोडा लहान झाला, पण मोकळा आणि धारदार. सिद्धार्थने पाचसहा सूर वाजवले आणि म्हणाला, ‘हा माझा आवाज. ते वरचे चौदाशे काढून टाका.’

‘काढायचे काहून?’

‘चुकून पडलेत ना?’

‘चुकून पडले, पण पडले. एक थांबा पुढं जास्त झाला म्हणून गाडी खराब होत न्हाई. कधी जायचं असंल तर जान तुमी.’

त्यांनी एका जुन्या स्टॅबिलायझरचं लहान बटण काढलं आणि गिटारला बसवलं. एका बाजूला पूर्ण कॉइल, दुसऱ्या बाजूला मधली तार. मधली तार लावली की वरचे चौदाशे वेढे जागेवरच राहतात, फक्त रिकामे जातात. आवाजाचं बटण फिरवून त्यांनी पुन्हा पुन्हा ऐकलं. पूर्ण कॉइलचा आवाज लहान केला तर तो मधल्या तारेसारखा होत नव्हता. नुसता लहान होत होता, मंदच राहत होता. ‘वेढे कमी झाले, वीज कमी झाली, आवाज कमी झाला. इथपर्यंत बराबर हाय. पण धार काहून वाढली?’ हे त्यांना कळलं नाही, आणि त्यांनी तसं सांगितलं.

हट्ट्याला कार्यक्रम दिवस मावळताना सुरू झाला. मिस्त्री कधी गाण्याच्या कार्यक्रमाला जात नसत. त्या दिवशी पार्टीच्या जीपमध्ये पुढे बसले. तिथे ते समोर न बसता स्टेजच्या मागे, ॲम्प्लिफायरला पाठ टेकून उभे राहिले. मी बातमीसाठी गेलो होतो. स्टेजच्या उजव्या कोपऱ्यात नांदेडचा कॅसिओवाला आपल्या वाद्यावर कापड झाकून बसला होता. शाहिरांनी त्याला सांगितलं होतं, लागलं तर हाक मारीन.

पहिल्या दोन गाण्यांत सिद्धार्थने बटण दोनदा फिरवलं. शाहीर गात असताना मधली तार. त्यांचं कडवं संपलं आणि गिटारची पाळी आली की पूर्ण कॉइल. रांजणातला म्हणून नाकारलेला आवाज मैदानात मोकळा सुटल्यावर भरदार वाटला. लोकांनी माना वळवल्या. शाहिरांनीही.

तिसऱ्या गाण्यात, पूर्ण कॉइलवर, सूर मध्येच बंद पडला. सिद्धार्थची बोटं चालत होती आणि आवाज येत नव्हता. ढोलकीवाल्याने ठेका धरून ठेवला. शाहिरांनी आधी सिद्धार्थकडे पाहिलं, मग उजव्या कोपऱ्याकडे. कॅसिओवाल्याने कापडाचं टोक उचललं.

सिद्धार्थने बटण फिरवलं.

आवाज आला. लहान, धारदार. त्याने कडवं जिथे सुटलं होतं तिथून उचललं. उरलेली आठ-नऊ गाणी त्याने त्या एका आवाजावर वाजवली. कापड पुन्हा खाली गेलं, आणि कार्यक्रम संपेपर्यंत उचललं गेलं नाही. आवरताना शाहीर त्याला म्हणाले, ‘बारीक वाजत होतं, पण माझे शब्द लोकांना पोचले रे. असंच ठेव.’ पुढच्या वर्षी पार्टीत कॅसिओही आला. सिद्धार्थच्या जागेवर नाही, तर शेजारी.

परतीच्या जीपमध्ये सगळे बोलत होते. मिस्त्रींनी एकच प्रश्न विचारला. ‘गेला तवा हळू हळू गेला का एकदम?’

‘एकदम,’ सिद्धार्थ म्हणाला. ‘पण मिस्त्री, तुमी मधी तार काढली म्हणून वाचलो. तुमाला माहीत होतं का?’

‘न्हाई,’ ते म्हणाले. ‘तार वरच्या चौदाशेत तुटली म्हणून चाललं. खाली तुटली असती तर दोन्ही गेले असते. उगंच माझं नाव करू नका.’

दुसऱ्या दिवशी त्यांनी पट्टी उघडली आणि वरून वेढे सोडायला घेतले. पाचशे त्रेचाळीस सोडल्यावर तुटलेलं टोक सापडलं. तेवढे पुन्हा भरले. गिटार त्यानंतरही कैक वर्षं त्या बटणासह वाजत होती.

पुढे हिंगोली जिल्हा झाला, माझी बदली नांदेडला झाली. काही वर्षांनी सिद्धार्थने एका इंटरनेट कॅफेत बसून या प्रकाराबद्दल वाचलं आणि पानं छापून मला दिली. ही गोष्ट जगात पूर्वीपासून होती. एका कॉइलच्या पिकअपमध्ये वाटेत तार काढून दोन आवाज मिळवायचे. कारखान्यात मुद्दाम तसे पिकअप करतात, आणि त्याला नावही आहे. काही लोक दोन कॉइलच्या पिकअपमधली एक कॉइल बंद करण्यालाही हेच नाव देतात, पण तो वेगळा प्रकार आहे, असंही त्यात लिहिलं होतं. ती पानं घेऊन मी हिंगोलीला गेलो.

मिस्त्री थकले होते. भिंग जाड झालं होतं. दुकान तसंच होतं, वही दाराशी टांगलेली. शंभर झाल्यावर मी सांगितलं की याला कॉइल टॅपिंग म्हणतात.

‘मंग इतके दिवस आमी काय म्हणत होतो?’ ते म्हणाले.

पुढच्या शंभराला मी त्यांच्या जुन्या प्रश्नाचं उत्तर वाचून दाखवलं. वेढे जितके जास्त तितकी कॉइल भराभर बदलणाऱ्या विजेला अडवते. उंच सूर म्हणजे भराभर बदलणारी वीज. म्हणून वेढे वाढले की धार जाते, कमी झाले की येते. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

‘म्हंजी चोक,’ ते म्हणाले. ‘ट्यूबलाइटचा. ती बी वीज अडवणारी कॉइलच. मला सुचायला पायजे होतं.’ आणि काही वेळ कामाला हात लावला नाही.

मी वही चाळत बसलो. जयंतीच्या त्या महिन्याचं पान सापडलं. गिटारच्या दोन ओळी होत्या. पहिली मूळ कॉइलची. वेढे, तार, वजन; ‘काहून’च्या खाली, ‘घामानं गंजली’. वजनाचा चुकलेला आकडा खोडलेला नव्हता, त्याच्याशेजारी ‘मेण धरून’ एवढं लिहिलं होतं. दुसरी ओळ हट्ट्याच्या कार्यक्रमानंतरची. वेढे आठ हजार सहाशे, वाट सात हजार दोनशेला, तुटली आठ हजार सत्तावनला. ‘काहून’च्या खाली लिहिलं होतं, ‘मोजताना बोललो’.

त्या वहीतली मागची-पुढची बरीच पानं मी पाहिली. हे कारण दुसरीकडे कुठेही नव्हतं.

त्यांनी पुन्हा मशीन सुरू केलं होतं. बासठ, तिरसठ. सिद्धार्थ विचारत होता तेव्हा शंभरपर्यंत का थांबला नाहीत, असं मी विचारलं. हात थांबला नाही, मान वर झाली नाही. मी वही सोडली आणि थांबलो.

‘सौ,’ ते म्हणाले. मग तारेवरची नजर न काढता म्हणाले, ‘त्रेचाळीस बाकी होते, पेपरवाले. त्याला लै होते तेवढे.’

आणि पुढचं शतक सुरू केलं.